मधलं पान मोठ्याने वाचा, मग ठरवा

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात कॅथलिक घरं थोडीच आहेत. फादर एक रविवार आड मिस्साला, म्हणजे चॅपलमधल्या उपासनाविधीला, येतात. मिस्सा झाली की आम्ही चौदा जण चॅपलच्या ओसरीत बसून वाचन करतो. लूकचं शुभवर्तमान छान पार पडलं. मग संत ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स' घेतलं. गुरुजी इंग्रजीतून वाचून मराठीत सांगायचे. ते अकराव्या खंडात अडकलं आणि शेवटी शेवटी पाचच जण यायचे. आता पुढचं पुस्तक ठरवायचंय. थॉमस आ केम्पिसचं 'ख्रिस्ताचे अनुकरण' फादर सुचवतात. गुरुजी 'ख्रिस्तपुराणा'वर अडून बसलेत. कॉलेजच्या दोघी मुलींना शुसाकू एन्डोची 'सायलेन्स' ही कादंबरी हवी आहे. एक ज्येष्ठ काका म्हणतात, बिशपांची परवानगी छापलेली नसेल ते पुस्तक गटात नको. दोघी आजींना वाचता येत नाही. आमच्या सिस्टर केरळच्या, त्यांना मराठी बोलता येतं पण वाचायला जड जातं. कुणालाही न दुखवता पुस्तक कसं निवडू?

उत्तर :

ताई, नावं तीन आहेत. त्यातलं एक घेतलं की दोन मागे राहणार, त्याला इलाज नाही. पण आपलं पुस्तक न उघडताच बाजूला सारलं, याचा राग माणसाला सगळ्यात जास्त येतो. तेवढं मात्र टाळता येतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नाताळ झाला की लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घ्या. हे नाव तुमच्या यादीत नाही आणि लक्ष्मीबाई कॅथलिकही नव्हत्या, तरीही. यादीतल्या तिन्ही पुस्तकांची आणि काकांच्या अटीची सोय पुढे लावून दिली आहे.

आधी ऑगस्टीनचं काय बिनसलं ते पाहू, नाहीतर पुढच्या पुस्तकाचंही तेच होईल. 'कन्फेशन्स'चे १३ खंड आहेत. पहिल्या नवांत आयुष्याची गोष्ट येते : दुसऱ्यात पोरांच्या टोळीने केलेली नाशपातीची चोरी, आठव्यात मिलानच्या बागेतलं मनाचं वळण, नवव्यात आई मोनिकाचा मृत्यू. दहाव्यापासून स्मृती म्हणजे काय, काळ म्हणजे काय, बायबलमधल्या 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायाचा अर्थ काय, असा विचार चालतो. म्हणजे गोष्ट नवव्यातच संपली होती आणि पुढचे दोन खंड तुमची मंडळी केवळ शिस्तीने बसून होती. नवव्यावर थांबला असतात तर 'पुस्तक पूर्ण केलं' म्हणत सगळे उठले असते. पुढच्या वर्षी २७ ऑगस्टला संत मोनिकाचा आणि २८ला संत ऑगस्टीनचा सण येईल, तेव्हा फक्त आठवा आणि नववा खंड दोन बैठकांत पुन्हा घ्या. अर्धवट राहिल्याची रुखरुख जाईल.

आता निवडीची कसोटी. पुस्तकाचं मोठेपण, त्यावरची बक्षिसं, मलपृष्ठावरची स्तुती हे सगळं बाजूला ठेवा. पुस्तकाचं बरोबर मधलं पान काढा आणि गटासमोर मोठ्याने वाचा. पहिलं पान नको, कारण पहिल्या पानावर प्रत्येक लेखक जपून लिहितो. छापील मराठी पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात आणि ऐकणाऱ्याला कळेल अशा गतीने ते वाचायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात शब्दाचा अर्थ सांगायला वाचणाऱ्याला चारदा थांबावं लागलं, तर ते पुस्तक तुमच्या ओसरीसाठी नाही, घरी एकट्याने वाचायचं आहे. वाचताना नजर आजींवर ठेवा. वाचता न येणारा माणूस ऐकण्यात पक्का असतो. त्याचं लक्ष उडालं की समजायचं, वाक्य कानाला लागत नाहीये.

याच हिशोबाने बैठकही आखा. वीस मिनिटं मोठ्याने वाचन म्हणजे सहा-सात पानं. बाकीची पंधरा-वीस पानं घरी. म्हणजे एका बैठकीला पंचवीस पानं, त्याहून जास्त धरू नका. जानेवारी ते मे अखेर, एक रविवार आड म्हटलं तर कागदावर दहा-अकरा बैठका दिसतात, प्रत्यक्षात सातच होतात असं धरा. जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी आणि तुरीची कापणी असते, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात कुणी पुस्तक हातात घेत नाही, मे महिन्यात लग्नं. मृगाचा पाऊस पडला की पेरणी संपेपर्यंत गट बंद, हे आधीच जाहीर करा. जाहीर केलेल्या सुट्टीनंतर माणसं परत येतात. आपोआप बंद पडलेल्या गटात येताना मात्र संकोच वाटतो.

'स्मृतिचित्रे' या कसोटीला का उतरतं? एक तर ते बोलल्यासारखं लिहिलेलं आहे. वाक्यं छोटी, माणसं ओळखीची, विनोद कुठेही डोकं वर काढतो. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला झालेला जाच, अकराव्या वर्षी झालेलं लग्न, आज या गावी तर उद्या त्या गावी फिरणारं नवऱ्याचं बिऱ्हाड हे सगळं आजींना समजावून सांगावं लागणार नाही. दुसरं, ते आपल्या मुलखातून जातं. लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे कामाला होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना त्याच वाटेवर यायला आणखी पाच वर्षं लागली. नवऱ्यामागून मुकाट्याने गेलेल्या बाईची ही कहाणी नाही. स्पर्शाअस्पर्शाच्या एकेका समजुतीशी झगडत, एकेक सोडत त्या आल्या. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट मंडळीतलं, हे काकांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. धर्मशिकवण शिकायला पुस्तक घ्यायचं तर ते कॅथलिकच हवं. माणसाचं आयुष्य वाचायला घेताना ती अट लागत नाही.

एक सावधगिरी हवी. या पुस्तकात जात आहे, आणि तुमच्या ओसरीतही असेल. विटाळाचे प्रसंग येतील तेव्हा ज्यांच्या घराने ते भोगलंय त्यांना बोलायचं असेल तर आधी बोलू द्या, पण 'तुम्ही सांगा ना' असा आग्रह कुणालाही करू नका. तसंच टिळकांचा तापट, लहरी स्वभाव येतो तिथे बाया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला अशी फळी पडते. पडू द्या. फक्त गटातल्या कुणाच्या घरचं उदाहरण निघालं की विषय पुस्तकाकडे वळवा.

प्रतींचं गणित असं : वाचणारे बारा, म्हणून चार प्रती पुरतात. एका प्रतीमागे तिघं, प्रत्येकाकडे चार दिवस, म्हणजे बारा दिवस झाले. चौदापैकी उरलेले दोन दिवस उशीर करणाऱ्यांसाठी. कव्हरच्या आतल्या बाजूला तिघांची नावं आणि तारखा पेन्सिलने लिहून ठेवा. चारही प्रती एकाच प्रकाशनाच्या, एकाच आवृत्तीच्या घ्या. 'स्मृतिचित्रे' मूळ चार भागांचं, १९३४ पासून पुढे निघालेलं. बाजारात पूर्ण आवृत्तीही आहे आणि संक्षिप्तही. या दोन्ही मिसळल्या की 'पान ऐंशी काढा' म्हटल्यावर निम्मी ओसरी चुकीच्या पानावर असते, आणि 'माझ्यात हा प्रसंगच नाही' यातच दहा मिनिटं जातात. तुम्ही पूर्ण आवृत्ती घ्या, पण या मोसमात पहिलाच भाग धरा. त्याची पानं सातने भागून पाहा. पंचविसाच्या वर आकडा गेला तर कुठली प्रकरणं गाळायची ते आधीच ठरवा, ऐनवेळी नाही. धर्मांतराची गोष्ट बरीच पुढे येते, तेव्हा कुणी घाई करू लागलं तर तसं सांगा. उरलेले भाग दिवाळीनंतर.

आजींसाठी मुलींना कामाला लावा. प्रकरण मोबाइलवर दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत वाचून ध्वनिमुद्रित करायचं आणि घरोघर पाठवायचं. लक्ष्मीबाईंचं निधन १९३६ मधलं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी मूळ मजकूर मुक्त होतो, त्यामुळे असं वाचून पाठवायला किंवा काही पानांची झेरॉक्स काढायला अडचण नाही. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि संपादकाच्या टिपा मात्र सोडून द्या, त्यांचा हक्क वेगळा असतो. हयात लेखकांच्या पुस्तकांना ही सवलत नाही. सिस्टरांसाठी शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद मागवा.

आता गुरुजी. 'ख्रिस्तपुराण' हे मराठीचं वैभव आहे यात वाद नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे जेज्वीट संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला हे पुराण रोमन लिपीत छापून निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, 'पहिलें पुराण' ३६ अवस्वरांचं (म्हणजे अध्यायांचं), 'दुसरें' ५९ अवस्वरांचं. एवढा ग्रंथ चर्चेला घेतला तर वर्षं जातील, शिवाय चारशे वर्षांपूर्वीच्या भाषेत कोकणीही मिसळलेली आहे, तिथे वऱ्हाडी कान अडखळणारच. पण हा ग्रंथ चर्चेचा नाहीच, पोथीचा आहे. श्रावणात गावात पोथी लागते तेव्हा एक जण ओवी म्हणतो आणि दुसरा अर्थ सांगतो, तसंच हे करायचं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी 'क्रुसाची वाट' ही प्रार्थना झाल्यावर 'दुसऱ्या पुराणा'तल्या येशूच्या दुःखसहनाच्या पंचवीस-तीस ओव्या गुरुजींनी चालीवर म्हणाव्यात आणि अर्थ मुलींपैकी एकीने सांगावा. गुरुजींनीच अर्थ सांगायला घेतला तर तासाला पुरणार नाही. देवनागरीतली प्रत लागेल, शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली १९५६ ची आवृत्ती जुन्या ग्रंथालयांतून मिळू शकते. ओव्या आठवडाभर आधी उतरवून घ्या.

फादरांचं 'अनुकरण'. हे पुस्तक पंधराव्या शतकातलं, मठवासीयांसाठी लिहिलेलं. चार खंड, एकूण ११४ छोटी प्रकरणं. त्यातलं वाक्य न वाक्य खरं वाटतं, आणि गटात तीच पंचाईत होते. सगळे माना डोलावतात, पाच मिनिटांत चर्चा आटपते आणि उरलेल्या वेळात प्रवचन सुरू होतं. ते एकट्याने, हळूहळू वाचायचं पुस्तक आहे. दुसऱ्या खंडात नेमकी बारा प्रकरणं आहेत आणि शेवटचं क्रुसाच्या राजमार्गावरचं आहे. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की आठवड्याला दोन अशी घरी वाचली तर पवित्र आठवड्याच्या तोंडावर ती पुरी होतात. हे फादरांनी स्वतः मिस्सानंतर जाहीर करावं. त्यांची सूचना अशी अख्ख्या चॅपलपर्यंत पोचेल, गटापुरती राहणार नाही. जमलं तर त्यांना संत फ्रान्सिस द सालचं 'भक्तिमय जीवनाचा परिचय' हे १६०९ चं पुस्तकही सुचवा. नागपूरचं कॅथेड्रल याच संताच्या नावाचं आहे. त्यांनी ते संसारी माणसासाठी लिहिलं. बिशपाची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, विवाहितेची वेगळी, हे ते सुरुवातीलाच सांगतात. गटात यावर भांडता येतं, म्हणजेच बोलता येतं.

मुलींच्या 'सायलेन्स'ला नाही म्हणू नका, पण अख्ख्या गटावर लादूही नका. १९६६ ची ही जपानी कादंबरी सतराव्या शतकातल्या छळाची, आणि श्रद्धा सोडणाऱ्या धर्मगुरूंची आहे. ती अर्धी वाचून सोडली की माणूस चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातो. शिवाय इंग्रजीतून वाचणारे तुमच्याकडे चार-पाचच. दोघी मुली, सिस्टर आणि गुरुजी अशा चौघांनी ती पूर्ण वाचावी आणि ईस्टरनंतरच्या एका बैठकीत वीस मिनिटांत कथा आणि आपला एक प्रश्न मांडावा.

काकांच्या मुद्द्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण ते तत्त्वाचं बोलताहेत. शीर्षकपानामागे 'निहिल ऑब्स्टाट' आणि 'इम्प्रिमातूर' असं लॅटिनमध्ये छापलेलं असतं. पहिलं तपासनिसाचं : धर्मशिकवणीला बाध येईल असं यात काही नाही. दुसरं बिशपांचं : छापायला हरकत नाही. पुस्तक चांगलं आहे, किंवा लेखकाचं मत बिशपांना मान्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. चर्चच्या कायद्यात ही परवानगी पवित्र शास्त्राच्या आवृत्त्या, प्रार्थनापुस्तकं आणि धर्मशिक्षणाची पुस्तकं यांना लागते. आत्मचरित्राला किंवा कादंबरीला ती लागत नाही, म्हणून तिथे ती सापडणारही नाही. निषिद्ध पुस्तकांची जुनी यादी १९६६ मध्येच रद्द झाली. तरी काकांचं समाधान झालं नाही तर पोप फ्रान्सिस यांचं १७ जुलै २०२४ चं, साहित्याच्या वाचनावरचं पत्र त्यांना वाचून दाखवा. पोप होण्याच्या कितीतरी आधी ते शाळेत शिकवत असताना पोरांना नेमलेलं 'एल सिद' हे जुनं स्पॅनिश काव्य आवडेना, त्यांना लोर्का हा आधुनिक कवी हवा होता. तेव्हा 'एल सिद' घरी वाचायला सांगून वर्गात त्यांच्या आवडीच्या लेखकांवर बोलायचं ठरवलं, असं त्यात पोपनीच लिहिलंय.

आणि काकांना एक काम द्या. बायबलचं पुस्तक घ्याल तेव्हा प्रती तपासण्याचं. खेड्यात बहुतेकांकडे ६६ पुस्तकांचं बायबल असतं आणि कॅथलिक बायबलात ७३ आहेत. 'तोबित' वाचायला घेतलं आणि निम्म्यांच्या प्रतीत ते नाहीच, असं होतं. 'रूथ' मात्र दोन्हींत आहे. 'स्मृतिचित्रे'च्या प्रती यायला वेळ लागेल, तोवर तेच घ्या. चार अध्याय, ८५ वचनं, दोन बैठका. दुसऱ्या अध्यायात रूथ परक्याच्या शेतात सरवा वेचते, आणि सरवा म्हणजे काय हे तुमच्या ओसरीत कुणाला विचारायला नको. मालकाने शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडावं हा बायबलमधल्या 'लेवीय' पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला नियम तिथे जोडून वाचा, आणि आता हार्वेस्टर आल्यावर रानात सरवा राहतो का, एवढाच प्रश्न टाका.

मे अखेरीस, कृषी केंद्रासमोर बियाण्याच्या रांगा लागायच्या आधी, एक संध्याकाळ 'लाउदातो सी'ला द्या. पोप फ्रान्सिस यांचं हे २०१५ चं परिपत्रक व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर फुकट आहे. परिच्छेदांना क्रमांक असल्यामुळे पानांचा घोळ होत नाही. २४६ परिच्छेद वाचायची गरज नाही. पाण्यावरचे २७ ते ३१, शेतकऱ्याच्या जमिनीच्या हक्कावरचा ९४ आणि जनुक बदललेल्या पिकांवरचा १३४ पुरे. बीटी कपाशी लावणाऱ्या गावात या शेवटच्या परिच्छेदावर वाद होणारच, कारण त्यात सरसकट बंदीची भाषा नाही. जमीन आणि बियाणं मोजक्या हातांत जाण्याची काळजी आहे. सिस्टर इंग्रजीतून वाचतील, शेती करणाऱ्या कुणीतरी ते मराठीत सांगावं.

आता निवडीची बैठक कशी घ्यायची ते. आम्ही सुचवलं म्हणून 'स्मृतिचित्रे' ठरवू नका, ते चौथं नाव म्हणून ठेवा. प्रत्येक पुस्तकासाठी एकाने दोन मिनिटं बोलायचं आणि मधलं पान वाचायचं. चार पुस्तकांना वीस मिनिटं लागतात. हात वर करून मतदान नको. फादर समोर असले की सगळे हात त्यांच्याच पुस्तकाला जातात, आणि मग बैठकीला कुणी येत नाही. चॅपलच्या आत चार वाट्या ठेवा, त्यांवर ताटल्या झाका आणि प्रत्येक वाटीसमोर पुस्तक किंवा खूण ठेवा. प्रत्येकाने एकट्याने आत जाऊन तुरीचे दोन दाणे दोन वेगळ्या वाट्यांत टाकायचे. एकच दाणा दिला तर जो तो आपल्याच पुस्तकाला देतो. दोन दिले की दुसऱ्या दाण्यावरून सगळ्यांना चालेल असं पुस्तक कळतं. आजींनाही यात कुणाची मदत लागत नाही. दाणे मोजताना काकांना बसवा.

बैठकीत पहिला प्रश्न 'यातून काय बोध घ्यावा' हा कधीही ठेवू नका, त्याने तोंडं बंद होतात. 'वाचता वाचता कुठे थांबलात?' असं विचारा. उत्तर म्हणून पान दाखवायचं, ती चार वाक्यं पुन्हा वाचायची, मग बोलायचं. फादरांना विनंती करा की त्यांनी शेवटी, सात मिनिटंच बोलावं. बहुतेक फादरांना हे आवडतं, सकाळपासून तेच बोलत असतात.

प्रती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागवा. नाताळाच्या गर्दीत पार्सलं लांबतात. पैशाचा प्रश्न असेल तर तालुक्याच्या शासनमान्य ग्रंथालयात एक प्रत असण्याची शक्यता मोठी आहे. ती गटातल्या एकाच्या नावावर काढा, म्हणजे तीनच विकत घ्याव्या लागतील. ग्रंथालयाची परतीची तारीख मात्र तुमच्या चार-चार दिवसांच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या, नाहीतर दंड भरायचा कुणी यावरच गट फुटायचा.